वाचकांचे प्रश्न : आयसोलेशनच्या खोलीतून बाहेर पडताना

प्रश्न : आमच्या वॉर्डात पीपीई (ग्लोव्ह्ज, गाऊन, गॉगल, मास्क असा संरक्षक पोशाख) काढताना जो तो आपल्या सोयीने काढतो. बऱ्याच जणी जीव गुदमरतो म्हणून आधी मास्कच ओढतात. क्रम नेमका काय, आणि तो तसाच का?

उत्तर : सगळ्यात मळलेलं ते सगळ्यात आधी, आणि नाकातोंडाला लागलेलं ते सगळ्यात शेवटी. ग्लोव्ह्जनी तुम्ही बेडपॅन धरलेलं असतं, पेशंटला कुशीवर वळवलेलं असतं. तोच हात मास्ककडे नेलात तर दिवसभर पाळलेली काळजी एका क्षणात वाया जाते. घालताना चूक झाली तर खोलीत शिरण्याआधी ती सुधारता येते. काढताना झालेली चूक घरी बरोबर येते.

एका ग्लोव्हने दुसऱ्याची बाहेरची बाजू तळव्याजवळ धरा, उलटा करत काढा आणि ग्लोव्ह घातलेल्या मुठीतच ठेवा. आता उघड्या हाताचं बोट दुसऱ्या ग्लोव्हच्या मनगटाच्या कडेतून आत सरकवा आणि पहिला पोटात घेत तोही उलटा काढा. झटका देऊन ओढू नका, थेंब उडतात. पुढे गॉगल किंवा फेसशील्ड मागच्या पट्टीला धरून. मग गाऊनच्या गाठी सोडून तो मानेकडून, खांद्यांवरून आतल्या बाजूने ओढत उलटा गुंडाळा. पुढच्या भागाला आणि बाह्यांना हात लागता कामा नये. मास्कची आधी खालची पट्टी, मग वरची. पुढच्या बाजूला बोट लावायचं नाही. एन-९५ (चेहऱ्याला घट्ट बसून हवा गाळणारा मास्क) असेल तर तो खोलीबाहेर येऊन, दार लावून घेतल्यावरच काढा. मधल्या कुठल्याही पायरीला हात कशाला लागला असं वाटलं तर तिथेच हँड रब (हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण) करा, आणि सगळं उतरल्यावर तर कराच. ग्लोव्ह्ज होते म्हणून हात स्वच्छ आहेत, हा समज आम्हाला सगळ्यात धोकादायक वाटतो. ग्लोव्ह्जना बारीक छिद्रं असू शकतात आणि काढतानाही हात बरबटतात.

प्रश्न : सी. डिफिसिलच्या (आतड्यातल्या एका जंतूच्या) जुलाबाच्या पेशंटकडून आल्यावर हँड रब चालतो का? आणि पुसायला हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच) किती टक्क्यांचं करायचं?

उत्तर : हँड रब इथे पुरत नाही. हा जंतू बीजाणू (कडक कवचातलं सुप्त रूप) करतो आणि अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत. साबण आणि वाहतं पाणी घेऊन ४० ते ६० सेकंद हात चोळले की ते मरत नसले तरी धुऊन जातात. ग्लोव्ह्ज आणि गाऊन खोलीच्या दारातच चढवा, पेशंटला हात लावायचा नसला तरी. कारण कठडा, बेल, टॉयलेटचा नळ यांवरही बीजाणू असतात. स्टेथोस्कोप, बीपीचा कफ आणि थर्मामीटर त्या पेशंटचा वेगळाच ठेवा.

बाटलीतलं हायपो ५ टक्के असेल तर १ भाग हायपो आणि ९ भाग पाणी, म्हणजे ०.५ टक्के झालं. बाटलीवरचा आकडा मात्र वाचा. १० टक्के असेल तर १ भागाला १९ भाग पाणी. द्रावण रोज ताजं करा. नेहमी चुकतं ते इथे: मळ पुसलेला नसताना त्यावरच हायपो ओतलं जातं. मळातच क्लोरीन खर्ची पडतं आणि जंतूंसाठी काही उरत नाही. आधी साबणपाण्याने पुसा, साबण निघेपर्यंत पुसा, मग हायपो लावून पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहू द्या. लगेच कोरडा पुसला तर उपयोग नाही. टॉयलेट क्लीनरच्या आम्लात किंवा अमोनियात ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

प्रश्न : टीबीच्या पेशंटपाशी एन-९५ टोचतो, म्हणून मी त्याच्या आत साधा मास्क घालते. चालेल का? पेशंटला एक्स-रेला नेताना एन-९५ कोणाला?

उत्तर : नाही चालणार. एन-९५ काम करतो तो कडा चेहऱ्याला घट्ट चिकटल्या तरच. आत काहीही घातलं, मग तो मास्क असो की दाढी, की फट पडते आणि हवा गाळणीतून न जाता फटीतून जाते. वरची पट्टी डोक्याच्या मागे उंचावर, खालची कानांखालून मानेवर. फुली मारू नका. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी बसवा, एका हाताने चिमटा काढला तर मधे टोक उभं राहतं. मग दोन्ही पंजे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला तर पुन्हा बसवा. हे दर वेळी. टोचत असेल तर दुसरा आकार किंवा दुसरं मॉडेल मागा आणि फिट टेस्ट (मास्क चेहऱ्याला नीट बसतो का याची तपासणी) करून घ्या.

पेशंटला साधा सर्जिकल मास्क. त्याचा खोकला जागीच अडवायचा असतो, त्याने हवा गाळून घ्यायची नसते. त्यातून त्याची फुप्फुसं दुबळी असतील तर एन-९५ने दमच लागतो. एक्स-रे विभागाला आधी कळवा, म्हणजे तो बाकावर ताटकळत नाही.

पेशंट गेल्यावर खोली लगेच दुसऱ्याला देऊ नका. तासाला १२ वेळा हवा बदलणाऱ्या खोलीत ९९.९ टक्के कण जायला साधारण ३५ मिनिटं लागतात, ६ वेळा बदलणाऱ्या खोलीत ६९. तोवर दार बंद, आणि आत जाणाऱ्याच्या तोंडावर एन-९५.

प्रश्न : मी गरोदर आहे, कांजिण्या झाल्याचं आठवत नाही. कांजिण्यांचा पेशंट मला दिला आहे.

उत्तर : घेऊ नका, इनचार्जना आजच सांगा आणि रक्तातल्या अँटिबॉडीज तपासून घ्या. ज्यांना प्रतिकारशक्ती आहे अशाच सिस्टरना तो पेशंट द्यायला हवा. याची लस गरोदरपणात देत नाहीत. तुम्ही आधीच त्याच्या खोलीत जाऊन आला असाल तर डॉक्टरांना लगेच कळवा, कारण इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन) जितकं लवकर तितकं बरं, आणि १० दिवसांच्या आतच देतात. प्रतिकारशक्ती नसेल तर संपर्कानंतर ८व्या ते २१व्या दिवसापर्यंत सगळ्याच पेशंटपासून दूर राहावं लागतं. इम्युनोग्लोब्युलिन घेतलं असेल तर २८व्यापर्यंत, कारण त्याने आजार उशिरा उठू शकतो.