हे दुखणं आता वाढतच जाणार का?

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या कोथरूडच्या एका काकूंनी खुर्चीत बसल्या बसल्या हेच विचारलं. वय 61, शाळेतून निवृत्त. बोलताना उजवा हात गालापासून बोटभर अंतरावर थांबलेला. गालाला लागू द्यायचा नाही, पण गाल उघडाही सोडायचा नाही.

चार वर्षांपूर्वी दात घासताना पहिली सणक आली. दाढ दुखतेय असं समजून दोन दाढा काढून झाल्या, कळ तशीच. मग न्यूरॉलॉजिस्टनी निदान केलं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याच्या नसेला मेंदूजवळ रक्तवाहिनी खेटलेली होती. वायरचं प्लास्टिक घासून निघावं तसं नसेचं आवरण झिजतं, आणि मग साधी झुळूकसुद्धा करंट लागल्यासारखी गालातून जाते. काही सेकंद, फार तर दोनेक मिनिटं. पण तेवढ्यात घास तोंडातच राहतो, वाक्य अर्धं राहतं.

पुण्याच्या थंडीत स्कूटरवर मागे बसायचं तर तोंडाला स्कार्फ लागतोच. काकूंना वारा सोसवत नव्हता आणि स्कार्फचा स्पर्शही. मग त्यांनी बाहेर पडणंच सोडलं.

"वाढणार नाही," असं मी म्हटलं नाही. खोटा दिलासा पुढच्या झटक्याला उघडा पडतो. बऱ्याच जणांना हे दुखणं लाटांसारखं येतं. काही आठवडे, महिने छळतं, मग ओसरतं, कधी वर्षभरही शांत राहतं. काळ जातो तशा या मधल्या जागा आखूड होऊ शकतात, गोळीचा डोस वाढवावा लागू शकतो, काहींना दोन सणकांच्या मधेही मंद ठणका राहतो. सगळ्यांचं सारखं होत नाही. आणि काकूंच्या मनातली खरी भीती वेगळीच निघाली: "यातून अर्धांगवायू होईल का?" या दुखण्याने तो होत नाही, हे ऐकल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाठ टेकली.

गोळ्यांचंही तसंच. कार्बामाझेपिन या कळ आवरणाऱ्या गोळीने चक्कर येते म्हणून त्या मधूनच गोळी चुकवत होत्या आणि डॉक्टरांना सांगत नव्हत्या. ती अशी मनाने बंद करायची नसते. चक्कर, अंगावर पुरळ, काहीही झालं तरी लगेच डॉक्टरांना कळवायचं. रक्तातलं सोडियम अधूनमधून तपासायचं. गोळी पुरेनाशी झाली तर पुढे काय, हा प्रश्न मी त्यांना कागदावर लिहून न्यायला सांगितला. पुढे वाटा आहेत: नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनचा छोटा तुकडा ठेवण्याची शस्त्रक्रिया, सुईने किंवा किरणांनी नसेवर करायचे उपचार. कुणाला काय, ते डॉक्टरच ठरवतात.

एक प्रश्न मी अशा प्रत्येकाला सरळ विचारते: "जगणं नकोसं वाटतं का?" काकू बराच वेळ गप्प होत्या. "दोनदा वाटलं." काकांना हे ठाऊक नव्हतं. काकूंना विचारून त्यांना आत बोलावलं आणि 14416 हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये भरून दिला. तो दिवसरात्र चालू असतो.

मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर कळ आलेल्या दिवसाला लाल ठिपका द्यायचं ठरलं. दोन महिन्यांनी त्या पानं घेऊन आल्या. एका ठिकाणी सलग 19 चौकोन कोरे होते.

"या 19 दिवसांत काय केलंत?"

"वाट बघितली."

पुढच्या कळेची. भाकरी नाही, नातवाला फोनवर गोष्ट नाही, मैत्रिणींचं भजन नाही. दुखणं त्या दिवसांत नव्हतं, तरी ते दिवस त्यालाच दिले होते. मला त्या कोऱ्या चौकोनांचं लाल ठिपक्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं, आणि पुढचे सगळे तास आम्ही त्यांच्यावरच घालवले. कोऱ्या दिवशी नातवाशी पाच मिनिटं बोलायचं, एवढ्यापासून सुरुवात झाली. चौकोनात गोष्टीचं नाव लिहायचं.

डिसेंबरात लाट परत आली. काकांनी फोन केला, डॉक्टरांनी डोस वाढवला होता. मागून काकूंचा आवाज आला, अगदी ओठ न हलवता बोलल्यासारखा: "त्यांना सांगा, लाकूडतोड्या अर्धा राहिलाय. नातू थांबलाय."