हेडसेटमध्ये दिसलं तसंच चष्म्यातून दिसेल का?

प्रश्न : मी 52 वर्षांची आहे. कराडला घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते. दूरचा नंबर +0.75, त्यात जवळचं दिसण्यासाठी वाढवायचा नंबर म्हणजे अ‍ॅडिशन +2. बायफोकलची रेघ मध्ये येते म्हणून प्रोग्रेसिव्ह घ्यायला गेले. दुकानात डोळ्यांसमोर पडदा असलेला हेडसेट डोक्यावर चढवून त्यांनी मला रस्ता, मोबाइल आणि एक कॉफीचं दुकान दाखवलं. 9 हजारांच्या काचेतून कडा धूसर दिसल्या, 24 हजारांच्या काचेतून सगळं लख्ख. मी चार दिवसांची मुदत मागून घेतली आहे. यावर विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, मुदत मागितलीत हे फार बरं केलंत. ते चित्र कुणाच्या काचेचं होतं, हे आधी विचारायला हवं.

प्रोग्रेसिव्ह काचेत वर दूरचा नंबर असतो, खाली जवळचा, आणि मधल्या अरुंद पट्ट्यात तो हळूहळू वाढत जातो. रेघ जाते, पण तिचा हिशेब दोन्ही बाजूंना चुकवावा लागतो. मिंकविट्झ या जर्मन गणितज्ञाने 1963 मध्ये दाखवून दिलं की मधल्या रेषेवर नंबर ज्या वेगाने चढतो, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूला नको असलेला, चित्र पुसट आणि वाकडं करणारा सिलिंडर नंबर साचत जातो. तुमची अ‍ॅडिशन 2. ती 14 मिलिमीटरच्या पट्ट्यात चढवली, तर रेषेपासून अवघ्या 4 मिलिमीटरवर हा सिलिंडर एक डायॉप्टरच्या (चष्म्याच्या नंबराचं एकक) वर जातो. किती का पैसे मोजेनात, हे गणित कुणालाच चुकत नाही. महागड्या काचेत धूसरपणा कुठे सारायचा, एवढंच जास्त विचार करून ठरवलेलं असतं. म्हणूनच ‘सगळं लख्ख’ हे वाचून मला शंका आली.

या तंत्राला मी नावं ठेवत नाही. काच घासण्याआधी तिच्या प्रत्येक बिंदूतून किरण कसा वळेल हे संगणक काढू शकतो आणि डोळा जिकडे वळेल तिकडे किती पुसट, किती वाकडं दिसेल ते चित्रात दाखवू शकतो. काच करून, घालून, मग पस्तावण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. मात्र त्यात माणूस भरावा लागतो. तुमचा नंबर, अ‍ॅडिशन, दोन बाहुल्यांमधलं अंतर, फ्रेममध्ये बाहुली किती उंचीवर येते, फ्रेम गालाकडे किती झुकते, काच डोळ्यापासून किती लांब राहते, यातलं त्यांनी काय मोजलं होतं? हेडसेट चढवण्याआधी कुणी तुमच्या चेहऱ्याला पट्टी लावलीच नसेल, तर तुम्ही पाहिलात तो तयार नमुना. तो तुमच्यासाठी काढलेलाच नव्हता.

आणखी एक. हेडसेटमधला पडदा डोळ्याला एकाच अंतरावर भासतो. मोबाइल हातात दाखवला तरी डोळ्याला जवळचं बघण्याचा खरा ताण येतच नाही. धूसरपणा चित्रात रंगवलेला असतो. सुईच्या नेढ्यातला दोरा त्या पडद्यावर नीट दाखवता येत नाही. तुमचं निम्मं काम तर तिथेच आहे.

आता तुमच्या टेबलाकडे येते. माझी आई शिलाई करायची. चाळिशी लागल्यावर दोरा ओवायला मला हाक मारायची. पुढे तिने प्रोग्रेसिव्ह केला आणि मशिनवर खूश झाली, पण कटिंगला उभी राहिली की हनुवटी गळ्याला टेकवायची. मान दुखायची, आणि आम्ही म्हणायचो वय झालं. त्यामागचं कारण मला डोळे तपासायला शिकू लागल्यावर कळलं. उभं राहून खाली बघताना नजर काचेच्या तळातून जाते. तिथे +2 ची अ‍ॅडिशन असेल, तर 50 सेंटीमीटरच्या पलीकडचं स्पष्ट दिसत नाही. कापड असतं 70 वर. त्यासाठी पट्ट्याचा मधला भाग नजरेसमोर आणावा लागतो, म्हणून हनुवटी खाली. आणि तोच भाग सगळ्यात अरुंद, तर कापडाचा पन्हा इकडून तिकडे पसरलेला. आईला शेवटी कटिंगसाठी वेगळा चष्मा करून दिला तेव्हा मान सुटली.

तुमच्याकडे टेप आहेच. डोळ्यापासून सुईपर्यंत, कटिंगच्या टेबलापर्यंत आणि ट्रायल घेणाऱ्या बाईच्या खांद्यापर्यंतची अंतरं मोजा, कागदावर लिहा आणि तो कागद दुकानात ठेवा. रस्ता आणि कॉफीच्या दुकानाऐवजी ही तीन अंतरं हेडसेटमध्ये भरून दाखवा म्हणा. भरता येत नसतील तर ट्रायल फ्रेममध्ये (नंबर तपासताना घालतात त्या चौकटीत) तुमचे नंबर घालून मागा, पिशवीतून कापड आणि सुई-दोरा काढा आणि तिथेच टेबलाशी उभ्या राहा. माझ्या दवाखान्यात मी अजूनही हेच करते.

माझं मत विचाराल, तर कामासाठी ऑफिस लेन्स बघा. तिच्यात वरचा भाग 70-80 सेंटीमीटरसाठी आणि खालचा 40 साठी करता येतो. नंबरातला चढ कमी, त्यामुळे बाजूचा धूसरपणाही कमी. ती घालून स्कूटी मात्र चालवायची नाही. बाहेरसाठी साधा प्रोग्रेसिव्ह किंवा सध्याचा बायफोकल चालेल.

प्रश्न : माझा नंबर उणे 6 आहे. मोबाइलवर फ्रेम चेहऱ्यावर लावून बघते, छान दिसते. चष्मा आला की काच जाडजूड. असं का?
— एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : बऱ्याच अ‍ॅपमध्ये फ्रेम दिसते, तुझ्या नंबरची काच दिसत नाही. काचेच्या केंद्रापासून फ्रेमची लांबची कड 30 मिलिमीटरवर असेल, तर 1.5 निर्देशांकाच्या (काच प्रकाश किती वळवते त्याचं माप; ते जास्त तशी काच पातळ) साध्या काचेची कड साधारण 7 मिलिमीटर होते. तेच अंतर 22 असेल तर साडेचार ते पाच. तेव्हा मोठ्या चौकोनी फ्रेमऐवजी लहान, गोलसर फ्रेम निवड आणि 1.67 ची काच माग. बाहुल्यांमधलं अंतर मोबाइलवर मोजलं असशील, तर दुकानात पुन्हा मोजून घे. 3 मिलिमीटरची चूक झाली, तर तुझ्या नंबरला 1.8 प्रिझमचा (काच नजरेला बाजूला किती वळवते त्याचं माप) ओढा डोळ्यांवर येतो, आणि त्याने डोकं दुखू शकतं.