पैसे भरले, तरी अण्णांची गाणी बंद का पडली?

प्रश्न : काका, नमस्कार. आमचे अण्णा चाळीस वर्षं यंत्रमागावर होते, आता मंद्रूपजवळ शेतावर राहतात. मागाच्या खटखटाटानं कान मंद झालेत, पण नाट्यसंगीत लागतंच, तेही मोठ्या आवाजात. त्यांना माझा जुना, सिम नसलेला फोन दिला, एका संगीत सेवेची वर्षाची वर्गणी भरली आणि चारशे गाणी डाउनलोड करून दिली. सव्वा महिन्यानं सगळी बंद! नावं दिसतात, वाजत काहीच नाही. वर्गणी अजून दहा महिने शिल्लक आहे. गाडीत लावायला पेनड्राइव्हवर घ्यावीत म्हटलं, तर फाइलच सापडत नाही. भाचा म्हणतो, कुलूप तोडणारं सॉफ्टवेअर मिळतं. तोडू का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी भाच्याला थांबवा. मग तो फोन घरी आणा, वायफायला जोडा, ॲप उघडा आणि चहा होईपर्यंत तसाच राहू द्या. बहुतेक गाणी परत वाजू लागतील. नाहीच वाजली तर पुन्हा उतरवून घ्यावी लागतील.

डाउनलोड या शब्दानं आपली फसगत होते. गाणं फोनमध्ये येतं खरं, पण कुलूप लावून येतं आणि किल्ली कंपनीकडे राहते. वर्गणी चालू आहे ना, हे ॲप अधूनमधून कंपनीला विचारून घेतं. स्पॉटिफायची अट ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडण्याची आहे, इतर सेवांच्याही अशाच अटी असतात. शेतावरच्या फोनला विचारायला वाटच नव्हती. पेनड्राइव्हचं दुखणंही हेच, ती फाइल त्या ॲपबाहेर कुणालाच वाचता येत नाही.

मी नव्या पेठेत कॅसेटचं दुकान चालवायचो. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराची भक्तिगीतं मराठी, कन्नड, तेलुगू, तिन्ही भाषांत खपायची. एरवी गिऱ्हाईक वहीच्या पानावर वीस गाणी लिहून आणायचं आणि मी ती नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. (तो धंदा बेकायदा होता, आता कबूल करायला हरकत नाही.) कुलूप तसं कॅसेटलाही होतं. मागच्या कडेच्या दोन पाकळ्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नसे. पण पाकळी मोडायचो आपणच, आणि मन बदललं की त्या भोकावर चिकटपट्टी लावायचोही आपणच.

विकतच्या गाण्यालाही एके काळी कंपनीचं कुलूप असे. ॲपलचं आयट्यून्स दुकान २००३ मध्ये अमेरिकेत सुरू झालं, तेव्हा गाणं ९९ सेंटला मिळे, पण ठरावीक संगणकांवरच वाजे. लोक वैतागले. २००९ मध्ये ती कुलपं निघाली. आपल्याकडे फ्लिपकार्टनं २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाचं गाण्यांचं दुकान काढलं, तिथं साध्या एमपीथ्री मिळायच्या. पुढच्याच वर्षी दुकान बंद झालं. मी घेतलेली पस्तीस गाणी मात्र आजही माझ्या हार्डडिस्कवर वाजताहेत. वर्गणीच्या दुकानाला टाळं लागलं की गाण्यांनाही लागतं.

भाच्याला सांगा, कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम आलंय. दुसऱ्याचे हक्क डावलण्यासाठी असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

अण्णांची खरी लाडकी गाणी चारशे नसणार, चाळीस असतील. तेवढी विकत घ्या. आयट्यून्सवरचं गाणं एएसी प्रकारात येतं आणि गाड्यांचे काही डेक ते वाजवत नाहीत, पण आयट्यून्सच्याच सॉफ्टवेअरमध्ये त्याची एमपीथ्री करता येते. पेनड्राइव्ह फॉरमॅट करताना एफएटी३२ (FAT32) हा प्रकार निवडा, जुना डेकही कुरकुरत नाही. उरलेल्या गाण्यांसाठी तीस दिवस उलटायच्या आत एखाद्या एकादशीला शेतावर जाऊन अण्णांच्या फोनला तुमचा हॉटस्पॉट द्या.

प्रश्न : मुलाच्या वरातीत माझ्या वर्गणीतली गाणी लावली तर गुन्हा होतो का?
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर : लग्न, वरात आणि लग्नाला जोडून होणाऱ्या समारंभांत गाणी वाजवायला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून ते पुन्हा सांगितलं. ॲपच्या अटींत मात्र ‘वैयक्तिक वापर’ एवढंच असतं, त्यामुळे डीजेवाल्याला गाणी त्याचीच आणायला सांगा. तुमचाच फोन लावायचा असेल तर गाणी आधी डाउनलोड करून तो एरोप्लेन मोडवर टाका. माझ्या पुतण्याच्या वरातीत ऐन नाचात गॅसवाल्याचा फोन स्पीकरवर आला होता.