व्हिडिओ बघून प्रोसिजर खरंच शिकता येतात का?

प्रश्न विचारणाऱ्यानं लिहिलंय: "एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. वॉर्डात इंटर्न आणि रेसिडेंटच्या गर्दीत आमच्या हाताला काही लागत नाही, म्हणून रात्री यूट्यूबवर प्रोसिजरचे व्हिडिओ बघतो. असं बघून शिकता येतं का, की नुसता वेळ जातो?"

येतं की. मी सोलापुरात जनरल सर्जन आहे आणि अजूनही अवघड केसच्या आदल्या रात्री व्हिडिओ बघते. पण व्हिडिओत काय दाखवलंय यापेक्षा काय कापून टाकलंय ते ओळखता यायला हवं. ही अक्कल मला एका यंत्रमाग कामगाराच्या बोटानं दिली.

इंटर्नशिप नुकतीच संपली होती. एका छोट्या खासगी दवाखान्यात आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, म्हणून रात्रपाळी करत होते. एप्रिलचा उकाडा, पंखासुद्धा गरम वारा फेकत होता. अकराच्या सुमाराला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतनं एक जण आला. उजव्या हाताला कोरा करकरीत टॉवेल गुंडाळलेला, त्याच्याच मागावरचा. सोडला तर मधलं बोट फाटलेलं. धोटा उडून लागला होता. योगायोगानं त्याच दुपारी मी रिंग ब्लॉकचा, म्हणजे अख्खं बोट बधिर करायच्या इंजेक्शनचा, व्हिडिओ बघितला होता, जेमतेम तीन मिनिटांचा. बोटाच्या मुळाशी एका बाजूनं सुई, मग दुसऱ्या बाजूनं सुई, आणि पुढच्याच शॉटमध्ये टाके सुरू. मीही तेच केलं. लिग्नोकेन हे भुलीचं औषध दिलं, सिरिंज ठेवली, नीडल होल्डर उचलला आणि पहिला टाका घातला.

माणसानं हात असा हिसडला की सुई खाली फरशीवर. "ओ मॅडम, जित्ता हाय की मी अजून!"

शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "दहा मिनिटं होऊ द्या मॅडम. तोवर जखम धुऊन घेऊ." बास, एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, इतक्या शांतपणे म्हणाल्या.

ती दहा मिनिटं व्हिडिओत नव्हती, कारण एडिट करणाऱ्यानं ती कापली होती. त्याच्या दृष्टीनं त्या वेळात काहीच घडत नव्हतं. खरं तर तेवढ्यात भूल चढते, जखम धुतली जाते, आणि टाका घालण्याआधी चिमट्यानं चिमटा काढून बघता येतं की बोट बधिर झालंय का. आणखी एक गोष्ट राहिली होती, ती जास्त गंभीर. भूल द्यायच्या आधी बोटाच्या टोकाला दोन्ही कडांनी स्पर्श कळतोय का आणि दोन्ही सांधे वेगवेगळे वाकतात का हे तपासायचं असतं. स्पर्शाची नस किंवा बोट वाकवणारा स्नायुबंध तुटला असेल तर ते तेव्हाच कळतं. एकदा बोट बधिर केलं की स्पर्शाबद्दल विचारणार कुणाला? दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला आला तेव्हा त्याला सगळं कळत होतं, बोटही वाकत होतं. माझं नशीब, आणि त्याचं जास्त.

तेव्हापासून व्हिडिओत शॉट बदलला की मी थांबवते आणि स्वतःला विचारते, मध्ये काय गेलं? किती वेळ गेला? पहिल्या प्रयत्नात शीर सापडली का, की तिसऱ्या? कारण सापडली नाही तो भाग कुणी अपलोड करत नाही. म्हणून शक्य असेल तिथं न कापलेले, लांबलचक, कंटाळवाणे व्हिडिओ शोधा. आणि नुसतं दृश्य असेल तो व्हिडिओ अर्धाच समजा. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'नं २००६ पासून प्रोसिजरच्या व्हिडिओंची मालिका सुरू केली. त्यात प्रोसिजर कधी करायची, कधी करायची नाही आणि काय बिघडू शकतं हे आधी सांगतात, सोबत लेखी मजकूरही असतो. सुरुवात तिथून करा. रील बघून प्रोसिजर शिकू नका, हे वेगळं सांगायला नको.

आता बघायचं कसं. शिकवणाऱ्यांमध्ये सर्जन पीटन यांची चार पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. शिक्षक आधी न बोलता पूर्ण वेगात करून दाखवतो, मग प्रत्येक पायरी समजावत करतो, तिसऱ्या वेळी विद्यार्थी पायऱ्या सांगतो आणि शिक्षक त्याच्या सांगण्यावरून करतो, आणि शेवटी विद्यार्थी स्वतः करतो. पहिल्या तीन पायऱ्या व्हिडिओवर बऱ्यापैकी जमतात. तिसरीसाठी आवाज बंद करा आणि पुढची पायरी दिसायच्या आधी मोठ्यानं बोला. होस्टेलवर रूममेटला वाटेल पोरगं कामातनं गेलं, वाटू द्या. जिथं तुमची जीभ अडखळते तिथंच उद्या हात अडखळणार असतो. चौथी पायरी मात्र पेशंटवर एकट्यानं करायची नाही. आधी स्किल्स लॅबमधला पुतळा, मग वॉर्डात सीनियर शेजारी उभा असताना.

दुसरं, डावा हात बघा. सगळ्यांचं लक्ष सुईच्या टोकावर असतं. इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायची नळी, घालताना उजव्या हातानं काय करायचं ते कुणीही सांगेल. रक्त दिसलं की कोन कमी करा, अजून किंचित पुढं जा, मग नळी सरकवा. पण म्हाताऱ्या माणसाची सरकणारी शीर जागेवर धरून ठेवतो तो डाव्या हाताचा अंगठा, कातडी खाली ताणून. तो बऱ्याच व्हिडिओंत फ्रेमच्या बाहेर असतो. सेंट्रल लाइनचंही, म्हणजे गळ्यातल्या मोठ्या शिरेत घालायच्या नळीचंही, तेच. सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरांनी १९५३ साली तारेवरून नळी सरकवायची युक्ती मांडली, तीच आज आपण वापरतो. त्यात तार एका हातात कायम धरलेली असते, सोडायची नाही म्हणजे नाही. सोडली तर ती आत जाऊ शकते, आणि जगभर गेलेल्या आहेत. व्हिडिओत कॅमेरा गळ्यावर जवळ गेला की तार धरलेला हात दिसेनासा होतो. बघणाऱ्याला वाटतं, तार आपोआप राहते.

गाठींबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिथं मी दोन महिने फुकट घालवलेत. एका हाताची गाठ मी व्हिडिओवरूनच शिकले. कॅमेरा समोरून लावलेला, म्हणजे त्या सर्जनचा डावा हात माझ्या उजवीकडं. मी दिसेल तसं करत गेले आणि दुसऱ्या फेऱ्याला हात उलटे न्यायचे तिथं नेतच नव्हते. गाठ दिसायला सुरेख, ताणली की घसरायची. तेव्हा मी पूर्व भागात एका खोलीत भाड्यानं राहायचे. घरमालकीण मावशी विड्या वळायच्या. सूप मांडीवर, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू, दिवसाला हजार विड्यांचा हिशोब. एका संध्याकाळी मी त्यांच्या खिडकीच्या गजाला दोरा बांधून सराव करत बसले होते. त्यांनी हातातली विडी खाली न ठेवता बघितलं आणि म्हणाल्या, "पोरी, हे सुटतंय बघ." ओढलं, सुटलं. "तू दोऱ्याला ओढतीस. ओढू नको, बसव."

त्यांची गाठ आणि सर्जनची गाठ वेगळी, पण ताण किती द्यायचा हे बोटाला कळतं ते दोन्हीकडं सारखंच. व्हिडिओत दोरा दिसतो, ताण दिसत नाही. म्हणून गाठींचे व्हिडिओ सर्जनच्या खांद्यामागून घेतलेले निवडा, आणि बघताना हातात दोरा असलाच पाहिजे. सोलापुरात दोऱ्याला काय तोटा! टाक्यांच्या सरावाला केळ्याची साल चांगली, जास्त ओढलं की लगेच फाटते. मग स्वतःच्या हातांचा व्हिडिओ घ्या आणि मूळ व्हिडिओशेजारी लावून बघा. लाज वाटते, पण चूक पाच मिनिटांत सापडते.

पुढं पीजीला सर्जरी घेतलीत तर दुर्बिणीच्या ऑपरेशनचे व्हिडिओ ही फार मोठी सोय आहे, कारण तिथं सर्जन स्वतःच स्क्रीनवर बघून काम करतो. त्याला दिसतं तेच तुम्हाला दिसतं. पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये काहीही कापण्याआधी तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत, असं सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली मांडलं: पित्ताशय आणि यकृताच्या मधल्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच नळ्या. यालाच 'क्रिटिकल व्ह्यू' म्हणतात. आता एक खेळ करा. ज्या व्हिडिओच्या नावातच हे शब्द आहेत तो, सर्जन नळीवर धातूची क्लिप लावतो त्या क्षणी थांबवा आणि तिन्ही गोष्टी मोजा. मी मोजल्यात, अनेकदा दोनच भरतात. अशा व्हिडिओतूनही शिकायला मिळतं, फक्त अपलोड करणाऱ्याला अभिप्रेत होतं ते नाही.

स्वतः शूट करायची हौस असेल तर आपले हात आणि केळं शूट करा, पेशंट नको. एका पोरानं इंट्राकॅथ लावतानाचा व्हिडिओ स्टेटसला टाकला होता, चेहरा नाही, फक्त हात. हातावर आजींचं गोंदण होतं. तासाभरात नातवाचा फोन. लेखी संमतीशिवाय मोबाईल खिशातच राहू दे.

राहता राहिली आयसीडी, छातीतली नळी. सगळ्यांना तीच शिकायची घाई असते. व्हिडिओत पेशंट आडवा झोपलेला असतो, हात डोक्यामागं, बरगड्या मोजून घ्या अशा. आपल्याकडं रात्री मोहोळहून येणारा पेशंट धापा टाकत बसलेला असतो आणि आडवा पडायला तयार नसतो. म्हणून बरगड्यांमधली पाचवी जागा, बगलेच्या पुढची कड, मागची कड, हे व्हिडिओ बंद करून मित्राच्या छातीवर बोटानं शोधा. तो झोपलेला असताना, बसलेला असताना, आणि मित्र जाडजूड असेल तर उत्तमच. नळी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून जाते, कारण रक्तवाहिन्या आणि नस प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला लपलेल्या असतात, हे पाठ असेलच. पण आर्टरी फोर्सेप्स, म्हणजे लांब चिमटा, छातीच्या आतल्या पडद्यातून जाताना हाताला जो हलका झटका बसतो तो पाठ करता येत नाही. त्यासाठी बोकडाच्या बरगड्यांचा अख्खा तुकडा आणा, आतला पातळ पडदा तसाच ठेवून, आणि त्यावर करून बघा. दहा वेळा केलं की हात पडद्याच्या अलीकडं आपोआप हळू होतो.

आणि खाटकाला पैसे द्यायच्या आधीच सांगा की तुकडे करू नको. मी एकदा सांगायला विसरले. त्या रविवारी आयसीडी राहिली, मावशींकडं काळ्या मसाल्याचा रस्सा झाला.