पहिलं बाळ एसएमएने गेलं, दुसऱ्या वेळी पोटातच तपासता येतं का?

ताई, तुम्हाला आठवा आठवडा आहे आणि घरचे म्हणतात, सोनोग्राफी चांगली आली की बास. तपासणी नक्की होते, पण एसएमए (स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, स्नायू दुबळे करणारा आनुवंशिक आजार) सोनोग्राफीत सहसा दिसत नाही.

आमच्या मुलाच्या वेळच्या सगळ्या सोनोग्राफी नॉर्मल होत्या. या आजारात बिघाड मज्जारज्जूतल्या, स्नायू चालवणाऱ्या पेशींमध्ये असतो. तीन महिन्यांचा झाला तरी त्याचे पाय बेडकासारखे दोन्हीकडे पडलेले असायचे, जीभ बारीक थरथरायची. सासूबाई म्हणायच्या, "पोऱ्याले नजर लागनी व माय." तालुक्याच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. सातव्या महिन्यात तो गेला, आणि जनुक तपासणीसाठी रक्त राखून ठेवा असं आम्हाला कोणीच सांगितलं नाही.

त्यामुळे दुसऱ्या वेळी आधी आम्हा दोघांचं रक्त तपासावं लागलं. दोघंही वाहक निघालो, म्हणजे स्वतः निरोगी, पण अंगात या आजाराचं एकेक बिघडलेलं जनुक. अशा जोडप्याला दर खेपेला बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. पहिलं तसं झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशोब नसतो.

मग पाचोऱ्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई. शेजारणी म्हणाल्या, गर्भतपासणी तर बंद आहे ना? बंदी आहे ती लिंग सांगण्यावर. 1994 च्या त्याच कायद्यात आनुवंशिक आजाराची तपासणी मान्य आहे, फक्त ती नोंदणी असलेल्या केंद्रातच करायची आणि आधी फॉर्म जी या संमतीपत्रावर सही द्यायची. बाळ मुलगा की मुलगी हे सांगितलं जाणार नाही, असं त्यात तुमच्या भाषेत लिहिलेलं असतं.

बाराव्या आठवड्यात सोनोग्राफीवर बघत पोटातून सुई घालून वारेचा कण काढला. डॉक्टरांनी बशीतल्या पाण्यात तरंगणारे पांढरे, शेवाळासारखे धागे दाखवले. एवढ्याशा त्या धाग्यांवर आमचं सगळं अडकलं होतं. दुखलं थोडंच. गर्भ पडायचा धोका असतो, पण सरावलेल्या हातांत तो शंभरात एकाहून कमी. वारेची तपासणी अकराव्या आठवड्यापासून होते. ती वेळ हुकली तर पंधरा आठवड्यांनंतर गर्भजल काढतात. रिपोर्ट दहा दिवसांनी आला. ते दहा दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. मुलगी आता चार वर्षांची आहे, आमच्यासारखीच वाहक, पण अंगणात पळते.

रिपोर्ट वाईट आला तर काय, हे दोघांनी आत्ताच बोलून ठेवा. गर्भपाताच्या कायद्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीनंतर गंभीर दोष असेल तर दोन डॉक्टरांच्या मताने 24 आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, त्यापुढे वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. निर्णय तुमचाच, सासरच्यांचाही नाही, माझाही नाही.

तुमच्या हातात जेमतेम तीन आठवडे आहेत. उद्याच बाळाची फाईल काढा, त्यात एसएमएन1 जनुकाचा (ज्याच्या बिघाडाने हा आजार होतो) रिपोर्ट आहे का बघा. नसेल तर जिथे दाखवलं होतं तिथे फोन करून रक्ताचा नमुना किंवा डीएनए ठेवलाय का विचारा. तोही नसेल तर तुम्ही दोघं या आठवड्यातच वाहक तपासणीला रक्त द्या.