चिलखती गाडी पोलिसांना द्याच, पण तिची चावी कपाटात ठेवू नका

तुमचा प्रश्न असा आहे की स्थानिक पोलिसांकडे चिलखती गाड्या आणि जड शस्त्रसामग्री असावी का, आणि दिली तर पोलीस लष्करासारखे वागायला लागतील का.

गाडी असावी. जड शस्त्रं ठाण्याच्या पातळीवर असू नयेत. या दोन गोष्टी लोक एका दमात विचारतात आणि तिथेच गल्लत होते. हेल्मेट, ढाल, बुलेटप्रूफ जॅकेट आणि चिलखती गाडी ही एका जातीची सामग्री. ती आतल्या माणसाला वाचवते. मशीनगन आणि ग्रेनेड लाँचर ही दुसरी जात. पहिलीला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मला आजवर पटलेलं नाही. दुसरी मागणाऱ्यांचंही नाही.

मी जिल्हा पोलीस दलात मोटार परिवहन विभागात, म्हणजे एमटीत, चालक होतो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. या विषयावर टीव्हीवर निवृत्त अधिकारी बोलतात, वकील बोलतात, प्राध्यापक बोलतात. गाडी चालवणाऱ्याला कोणी विचारत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२६/११ नंतर पोलिसांच्या साधनसामग्रीसाठी पैसा सुटला, तेव्हा आमच्या मुख्यालयातही एक चिलखती गाडी आली. नारळ फुटला, फोटो निघाले. मग ती शेडमध्ये गेली. अशी गाडी ज्यांनी चालवलेली नाही त्यांना वाटतं की ती म्हणजे जाड पत्र्याची जीप. तसं नाही. दरवाजा हाताने ढकलला तर हलत नाही, खांदा लावावा लागतो. काच इतकी जाड की कडेने बघितलं तर रस्ता वाकडा दिसतो. खिडकी खाली होत नाही, त्यामुळे एसी बंद पडला की आतली माणसं उकडून निघतात. वजन एवढं की ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे थांबेल याचा अंदाज नेहमीच्या गाडीवरून बांधता येत नाही. बाजारपेठेतल्या गल्लीत वळण घ्यायचं तर कुठल्या कोपऱ्यावर ती अडकते हे आधी जाऊन बघितलेलं असावं लागतं. हे सगळं चालवूनच कळतं.

म्हणून मी लेखी मागणी केली होती की ही गाडी दर आठवड्याला बाहेर काढू द्या, शहराच्या जुन्या भागातून फिरवू द्या, आणि आणखी दोन चालक तिच्यावर तयार करू द्या. त्या वेळी एमटी ज्यांच्या ताब्यात होती त्या साहेबांनी अर्ज परत पाठवला. डिझेलचा कोटा मर्यादित आहे, गाडी आणीबाणीची आहे, विनाकारण किलोमीटर वाढवू नयेत. समोर बोलावूनही तेच सांगितलं. मी म्हटलं, साहेब, उभी गाडी म्हातारी होते. ते म्हणाले, तुम्ही चालक आहात, धोरण आम्हाला ठरवू द्या. चावी त्यांच्या कपाटात राहिली.

पुढे एका रात्री मिरवणुकीच्या मार्गाच्या वादातून आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावात दगडफेक झाली. आमचा एक हवालदार डोक्यात दगड बसून एका बोळात पडला. दोन्ही तोंडांना जमाव, वर गच्च्यांवरून विटा आणि बाटल्या. वायरलेसवर हुकूम आला, चिलखती गाडी पाठवा. चावी आणायला माणूस धावला. गाडीत बसलो, बॅटरी मेलेली. दुसऱ्या गाडीवरून केबल लावून इंजिन चालू केलं तर ब्रेकला हवेचा दाब धरेना, कुठेतरी पाइप सुकून तडकला होता. तेवढी जड गाडी बिनब्रेकची माणसांत घालणं म्हणजे खूनच.

शेवटी जाळीची ४०७, म्हणजे टाटाची छोटी मालगाडीच्या जातीची गाडी, घेतली. मागे दंगल नियंत्रण पथकातली पोरं, हातात वेताच्या ढाली. बोळात तोंड घालून गेलो असतो तर वळवून बाहेर पडणं अशक्य होतं, म्हणून रिव्हर्सने आत गेलो. आरशात बघत चालवत होतो आणि डावीकडचा आरसा पहिल्याच मिनिटाला गेला. माझ्या बाजूच्या खिडकीची जाळी एका कोपऱ्यात सुटलेली होती, तिथून विटेचा तुकडा येऊन मनगटावर बसला. पोरांनी ढालींचं छप्पर केलं, हवालदाराला पट्ट्याला धरून ओढून वर घेतलं आणि आम्ही निघालो. तो जगला. एका डोळ्याची नजर गेली.

त्यानंतर चौकशी लागली ती कशाची, तर ४०७च्या नुकसानीची. समोरची काच, दोन्ही आरसे, मागचं दार. प्रश्नावलीत एक प्रश्न होता, ‘वाहनाचे नुकसान टाळता आले असते का?’ मी जबाबात लिहिलं, होय; या कामासाठी शासनाने दिलेली गाडी चालू स्थितीत असती तर टळलं असतं, आणि तसं आधी लेखी कळवलेलं आहे. ते वाक्य काढा म्हणून मला दोनदा बोलावणं आलं. मी काढलं नाही. चौकशी पुढे गुपचूप बंद झाली. ते वाक्य आजही त्या कागदात आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. ‘असल्या गाड्या लष्कराचं काम, पोलिसांना कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की लष्कर किंवा कमांडो यायला तास जातात आणि ते तास स्थानिक पोलिसांचेच असतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री एनएसजी मुंबईत पोहोचेपर्यंत उजाडत आलं होतं. कामा हॉस्पिटलजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या गाडीत होते ती साधी क्वालिस होती. गाडीत सातजण होते, सहा गेले, मागे जखमी होऊन पडलेले अरुण जाधव तेवढे वाचले. त्याच क्वालिसमधून अतिरेकी पुढे गेले. गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळ्यांनी कसाबची एके-४७ अंगावर घेतली तेव्हा त्यांच्या हातात लाठी होती. त्यांना अशोकचक्र मिळालं. त्या रात्री आपण माणसांच्या छातीचं चिलखत केलं, आणि शौर्याचे गोडवे गाताना ही गोष्ट नजरेआड होते याची मला चीड येते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूडमध्ये १९९७ साली दोन दरोडेखोर अंगभर चिलखत घालून आणि स्वयंचलित रायफली घेऊन बँकेतून बाहेर आले. पोलिसांकडे पिस्तुलं आणि शॉटगन. जखमींना गोळीबारातून बाहेर काढायला पोलिसांनी शेवटी पैसे वाहणारी खासगी चिलखती गाडी ताब्यात घेतली. ही बातमी मी फार उशिरा वाचली आणि आमची ४०७ आठवली.

दुसरी बाजू मला कळत नाही असं समजू नका. कॅस्पिर नावाची सुरुंगरोधक गाडी आहे, खालून इंग्रजी व्ही आकाराची, म्हणजे स्फोटाचा जोर बाजूंना जातो. ती दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांसाठी बनवली गेली. हेतू सुरुंगापासून जीव वाचवण्याचा होता. पुढे वर्णद्वेषी राजवटीने तीच गाडी काळ्या लोकांच्या वस्त्यांमधून फिरवली आणि तिथल्या पोरांना तिचा आवाज म्हणजे दहशत वाटू लागली. अमेरिकेत १९९७ पासून १०३३ कार्यक्रमाखाली लष्कराची जास्तीची सामग्री स्थानिक पोलिसांना मिळते. इराक-अफगाणिस्तानसाठी बनवलेल्या अवजड गाड्या त्यातून छोट्या छोट्या गावांत पोहोचल्या. २०१४ मध्ये तिथल्या फर्ग्युसन शहरात निदर्शकांसमोर चिलखती गाडीच्या टपावर बसून रायफलची दुर्बीण रोखलेला पोलीस जगाने बघितला. ओबामांनी २०१५ मध्ये काही सामग्रीवर बंधनं आणली, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये ती उठवली.

त्या कार्यक्रमातली एक अट मला सगळ्यात चुकीची वाटते. मिळालेली वस्तू वर्षाच्या आत वापरात आणली पाहिजे. अशी अट घातली की माणूस वापराचं निमित्त शोधतो, आणि मग साध्या झडतीलाही ती गाडी दारात जाऊन उभी राहते. मी दर आठवड्याला गाडी चालवा म्हणतो तेव्हा सराव म्हणतो. पहाटे रिकाम्या रस्त्यावर चालक तयार करणं वेगळं आणि लोकांच्या मोर्चासमोर गाडी नेऊन उभी करणं वेगळं. मोर्चाला ती नेऊच नये. जखमीला काढणं, ओलिसांची सुटका, समोरून गोळीबार चालू असणं, एवढ्याच कामांना ती निघावी. आणि ती काढण्याचा हुकूम लेखी असावा, अधिकाऱ्याच्या नावासह.

बाकी, यंत्रामुळे पोलीस क्रूर होतो हे मी मानत नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. त्यासाठी कुठलीही नवी यंत्रसामग्री लागली नव्हती. हुकूम लागला होता. उलट माझा अनुभव असा की ज्या शिपायाला डोक्यावर दगड बसण्याची भीती असते तो लवकर बिथरतो आणि लवकर बंदूक उचलतो. पत्र्याआड सुरक्षित बसलेला माणूस पाच मिनिटं जास्त थांबू शकतो. दंगलीत पाच मिनिटं फार असतात.

जड शस्त्रांबद्दल थोडक्यात: दाट वस्तीत मशीनगनची गोळी भिंतीपलीकडे कोणाला लागेल हे चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही. ठाण्यातल्या शिपायाला वर्षाकाठी गोळीबाराचा जो सराव मिळतो त्यावर असलं हत्यार हातात देऊ नये. ते फोर्स वनसारख्या खास पथकांकडे राहू दे.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. नक्षलग्रस्त भागाला वरचं सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. १ मे २०१९ ला गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे पंधरा जवान आणि चालक गेले, ते खासगी वाहनातून निघाले होते. ते वाचून चिलखती गाडी द्या असं कोणीही म्हणेल. पण छत्तीसगडमध्ये १३ मार्च २०१८ ला किस्टारामजवळ सुरुंगरोधक गाडीच उडवली गेली आणि सीआरपीएफचे नऊ जवान गेले. तिथे बरेचदा रस्त्याने न जाता पायी जाणंच शहाणपणाचं ठरतं, आणि त्याबद्दल मी बोलू नये, तिथे काम केलेल्यांनी बोलावं.

माझं म्हणणं शहर आणि तालुक्याच्या गावापुरतं आहे. तुम्हाला हा विषय खरंच महत्त्वाचा वाटत असेल तर गाडी द्यावी की नाही यावर भांडत बसू नका. तुमच्या आमदारांना विचारायला लावा की जिल्ह्यातली चिलखती गाडी गेल्या वर्षी किती किलोमीटर चालली, तिच्यावर किती चालक तयार आहेत, बॅटरी आणि टायर कधी बदलले, रात्री चावी कोणाकडे असते. लॉगबुकात हे सगळं असतं. आणि तिचं डिझेल बंदोबस्ताच्या कोट्यातून न कापता वेगळं मंजूर करायला सांगा, म्हणजे किलोमीटर वाढतात ही सबब आमच्या त्या साहेबांच्या खुर्चीत आज जो कोणी बसला असेल त्याला देता येणार नाही.