लायसन्सला वेळ आहे, पण मुलगा सड्यावर गाडी शिकतोय

"मॅडम, रात्री गाडी काढतो आणि सड्यावर जाऊन शिकतो. अजून अठरा पूर्ण नाहीत. शिकू द्यावं की गाडीला हातच लावू देऊ नये?" सडा म्हणजे गावाजवळचं मोकळं खडकाळ पठार. हायर सेकंडरीतल्या मुलांचे पालक हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सारखे येतात. गोव्यातल्या डिचोलीकडच्या अशाच एका घराची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्यांदा आई एकटीच आली. बाबा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला, रात्रपाळी असली की कंपनीच्या बसने जात आणि मोटारसायकल घरी राही. आईने चावी लपवली, तर पोरगा मित्राची गाडी घेऊन जायला लागला. वरून बाबांचं म्हणणं, "मी त्याच्याहून लहान असताना शिकलो, काय झालं मला?" या ओढाताणीत माय-लेकाचं बोलणंच बंद पडलं होतं.

पुढच्या वेळी तिघांनाही बोलावलं. मुलाला कागद दिला आणि म्हटलं, गेल्या आठवड्यात गाडी कुठे कुठे नेलीस ते लिही, कोणी रागावणार नाही. त्याने खाली मान घालून लिहिलं: सडा. दळण. सडा. मामाकडे औषध. सडा.

दळणापाशी आईचं बोट थांबलं. "गिरण जवळच आहे हो, आतल्या रस्त्याने जातो," ती म्हणाली. मुलगा पहिल्यांदाच तोंड उघडून बोलला, "मग मी सड्यावरपण आतल्या रस्त्यानेच जातो."

माझ्या मते सगळं प्रकरण इथेच होतं. घरचं काम असलं की गाडी चालते, स्वतःला हौस वाटली की चालत नाही, असा नियम त्या मुलाला दिसत होता. असला नियम सतरा वर्षांचा मुलगा पाळत नाही, तो लपून करतो. आणि लपून करताना डोक्यावर हेल्मेट नसतं, पडला तर घरी कळत नाही.

मग कायदा सरळ सांगितला. 50 सीसीपर्यंतची दुचाकी सोळाव्या वर्षी चालते, पण तीही लायसन्स घेऊनच. त्यापुढच्या गाडीला 18 वर्षं पूर्ण हवीत. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: 3 वर्षांपर्यंत कैद, 25 हजार रुपये दंड, वर गाडीची नोंदणी 12 महिने रद्द. पालकांची संमती होती असंच कोर्ट गृहीत धरतं, नव्हती हे सिद्ध करायचं काम पालकांचं. बाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मुलावर मात्र दुसऱ्याच गोष्टीचा परिणाम झाला. पकडला गेलास तर पंचविसाव्या वर्षापर्यंत लर्निंग लायसन्सदेखील मिळणार नाही, हे ऐकल्यावर तो खुर्चीत ताठ बसला.

"पण सड्यावर रस्ताच नाही," त्याने विचारलं. प्रश्न चांगला होता. कायदा रस्त्यापुरता थांबत नाही. जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ती जागा सार्वजनिक. गावचा सडा त्यात येऊ शकतो, सगळ्यांना मोकळं असलेलं मैदानही येतं. बीचवर तर गाडी घालायलाच बंदी आहे.

या घराची स्वतःची काजूची बागायत होती, कुंपण घातलेली, फाटकाची. तिथे शिकायचं ठरलं. गाडी बाबांनी चालवत न्यायची, बाबांनीच परत आणायची, आणि शिकवायचंही त्यांनीच. मित्र शिकवायला नकोत हा माझा आग्रह होता, कारण मित्र आधी वेग शिकवतात. मी म्हटलं, कंटाळवाणं तेवढंच शिकवा. क्लच हळूहळू सोडत चालण्याच्या वेगाने गाडी नेणं, पाय न टेकता आठच्या आकड्यासारखी गाडी फिरवणं, खूण केलेल्या दगडापाशी दोन्ही ब्रेक वापरून थांबणं. चिऱ्याच्या बारीक खडीवर नुसता पुढचा ब्रेक आवळला की चाक कसं सरकतं, ते बाबांनी त्याला पहिल्याच दिवशी समजावलं. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय किक नाही, हेही ठरलं.

फाटकाबाहेर मात्र काहीच नाही, दळण नाही की औषध नाही. मुलाला हे जड गेलं, कारण त्याला गाडी खरोखरच छान जमते. पण रिकाम्या जागेत गाडी शिकता येते, रस्ता शिकता येत नाही. वळणावर बसलेली गुरं, भाड्याच्या स्कूटरवरून मोबाइलवरचा नकाशा बघत मध्येच थांबणारा पर्यटक, पावसात ट्रकांनी रस्त्यावर आणलेला चिखल, यांपैकी एकही गोष्ट बागायतीत भेटत नाही. ते शिकण्याची वेळ लर्निंग लायसन्स मिळाल्यावरची. ते 6 महिने चालतं, पक्क्या लायसन्सच्या टेस्टला 30 दिवसांनंतर बसता येतं, आणि तोवर गाडीला लाल 'एल' लावायचा, मागे मित्र बसवायचा नाही.

तुमच्याकडे अशी बंदिस्त जागा नसेल तर माझं उत्तर 'थांबा' असंच आहे. तोवर मुलाला मागे बसवून घेऊन जा आणि पुढे काय दिसतंय, कुठे वेग कमी करायचा, ते त्याला बोलून दाखवायला लावा.

आजीला ही व्यवस्था अजून पसंत नाही, "एवढा मोठा मुलगा घरात असून" म्हणून ती कुरकुरते. दळण सध्या बाबाच कामावरून आल्यावर नेतात.